सोन्यासारखे तपेले

१

मी बोरटोल्यात परतलो तेव्हा अयूब कल्हईवाला चावडीच्या कोठीत कोंडलेला होता आणि त्याचा भाता चावडीपुढच्या धुळीत पडला होता. भात्याचे कातडे कोणीतरी कोयत्याने उभे फाडले होते.

आदल्या दिवशी रामनवमी झाली होती. भर दुपारी देवळात पाळणा हलला, शंख वाजला, सकाळपासून उपाशी असलेल्या लोकांनी पहाटेच तपेल्यात करून ठेवलेले लिंबाचे सरबत घेतले आणि थोड्याच वेळात देवळाच्या पायऱ्यांवर माणसे ओकू लागली. पोटात पिळे, तोंडाला कसली तरी धातूची चव. बहुतेक जण रात्रीपर्यंत सावरले. वारलू नावाचा म्हातारा, आधीच हिवतापाने खंगलेला, तो दिवस मावळताना गेला.

हिवतापामुळेच मी या भागात होतो. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि मलेरिया खात्यात लागलो. चांदा जिल्ह्यातल्या गावागावांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून घेणे हे माझे काम. माझा मुक्काम बोरटोल्यात असला, तरी नवमीला मी फवारणीची माणसे आणि औषधाचे सगळे डबे घेऊन नदीपलीकडे होतो. नाहीतर कोठीत अयूबच्या शेजारी मीही बसलो असतो.

“अयूबनेच विष घातले हे कशावरून?” मी नथ्थू पाटलांना विचारले.

“कशावरून म्हणजे? अष्टमीले त्यानंच देवळाच्या तपेल्याले कल्हई केली. नवमीले त्याच तपेल्यातलं पिऊन माणूस मेला. आनखी काय पायजे?”

“तपेल्याला हात तर लटारू आचाऱ्यानेही लावला.”

“लटारू आपला माणूस आहे, साहेब.”

हे ते अगदी सहज बोलले. एका माणसाला खुनी ठरवायला गावाला एक दुपार पुरली होती. त्याला वारलूच्या मुलाने काठीने बडवले, भाता फाडला, कोठीला कुलूप लावले. पुरावा मागावा असे एकालाही वाटले नव्हते.

“उद्या ब्रह्मपुरीहून हवालदार येते,” पाटील म्हणाले. “त्याच्या हवाली केला का आमचं काम झालं.”

चिंचेखाली अयूबची बायको खुर्शीद विझलेल्या भट्टीजवळ बसली होती. गावोगाव फिरताना भाता तीच चालवी. मला पाहून ती उठली नाही.

“साहेब, तुमी शिकलेले दिसता,” ती म्हणाली. “मले येवढंच सांगा. जहर दिलं असतं तं आमी रातोरात पळालो असतो का इथीच रोट्या भाजत बसलो असतो?”

२

कोठीच्या गजांतून अयूबचा सुजलेला डोळा दिसत होता. मी त्याला अष्टमीच्या दिवसाचे सगळे क्रमाने सांगायला लावले.

“तांब्याचं तपेलं हाये. आतून घासलं, तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं. दोनदा हात फिरवला, साहेब. पाटलानं वाकून आपलं तोंड पाह्यलं त्याच्यात. म्हणाले, अयूब, मिशी पांढरी झाली रे माही, तुह्या कल्हईनं चुगली केली.”

“बाहेरून?”

“बाहेरून कोण करते? बाहेरून काळंच होतं, चुलीवरचं.”

“मग?”

“मग पाणी भरून पाह्यलं, गळते का म्हणून. उन्हानं नरडं सुकलं होतं. त्याच पाण्यातलं ओंजळभर प्यालो. मग तपेलं रामाजीबुवाच्या घरी गेलं. देवळाची भांडी त्यायच्याच कोठीत राह्यतेत.”

“तू पाणी प्यालास तेव्हा कोणी होते?”

“बुवाच होते उभे. बोलले काई नाई. निसतं पाह्यलं.”

तिथून मी भागीरथाबाईकडे गेलो. गावात लिंबाचे झाड एकच आणि ते तिच्या परसात. सरबताची लिंबे तिचीच, म्हणून अयूबच्या खालोखाल तिचे नाव घेतले जात होते. दारातून मला पाहताच तिने सुरुवात केली.

“या, तुमीबी या! करणीवालीचं घर पाहून घ्या. बाळंतिणीले वकारी आली, आणा भागीरथाचं लिंबू. पोराले दिठ लागली, आणा भागीरथाचं लिंबू. नव्या गाडीच्या चाकाखाली कोणाचं? माहंच. इतकी वर्सं त्यात करणी नव्हती. काल एका दिवसात घुसली!”

“बाई, मी करणीचे विचारायला आलो नाही. तुम्ही सरबत प्यालात?”

“मले कोण पाजते? नवरा नसलेल्या बाईले सगळ्यायच्या शेवटी. लिंबं माही, अन् मीच शेवटी! गाडग्यात ओतलं अन् म्हणाले घरी जाऊन पी. घरी आले तं तिकडं बोंब उठली. तसंच ठेवलं आहे.”

फळीवर मातीचे गाडगे होते. गुळाच्या सरबताचा रंग तपकिरी असायला हवा. यात किंचित हिरवट झाक होती.

“हे मला द्या. आणि झाडाचं एक ताजं लिंबू.”

“घ्या. किती पायजे? आता कोणी नेत नाई. अष्टमीलेच कायते दोनदा नेले. देवळासाठी एक टोपली, अन् दुपारी बुवाच्या घरी लोणच्याले एक.”

मी दारापर्यंत जाऊन थांबलो. कल्हई झाल्यावर त्याच दुपारी, त्याच घरी, लिंबांची एक आख्खी टोपली.

३

तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवू नये हे घरोघरी ठाऊक असते. का ठेवू नये ते थोडक्यात सांगतो. लिंबाच्या रसात आम्ल असते. उघड्या तांब्यात ते तासन्‌तास उभे राहिले की तांबे थोडे थोडे रसात उतरते, आणि तसला रस पोटात गेला की पोट तो परत फेकते. उपाशी पोट अधिकच. म्हणून मध्ये कथलाचा थर हवा. तीच कल्हई.

रसात उतरलेले तांबे बाहेर काढायला प्रयोगशाळा लागत नाही. लोखंड पुरते. मी चावडीत दोन गाडगी मांडली. एकात भागीरथाबाईने ठेवलेले सरबत, दुसऱ्यात ताज्या लिंबाचा रस, तोच गूळ आणि विहिरीचे पाणी. दोन सारखे खिळे घासून स्वच्छ केले आणि एकेक सोडला. पाटील, रामाजीबुवा आणि निम्मे गाव पाहत होते. वारलूचा मुलगाही होता, डोक्यावरचे केस उतरवलेला. त्याच्याकडे पाहवत नव्हते.

बरेच थांबून मी खिळे बाहेर काढले. ताज्या रसातला जसाच्या तसा काळपट. सरबतातल्या खिळ्यावर लाल तांब्याचे पातळ आवरण चढले होते.

“बाप्पा!” कोणीतरी म्हणाले.

“विष कोणी घातलेले नाही,” मी म्हणालो. “करणी नाही, लिंबांचा दोष नाही. सरबत पहाटेपासून दुपारपर्यंत उघड्या तांब्यात उभे होते. हे तपेल्याचेच तांबे आहे.”

माझा आवाज चढला होता. मला वाटले, आता कुलूप निघेल.

रामाजीबुवा पुढे आले. देवळाचे कारभारी, कपाळाला गंध, उपरणे खांद्यावर. नवमीला त्यांनाही उलटी झाली होती, चेहरा अजून उतरलेला होता. त्यांनी खिळा हातात घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले,

“साहेबानं खरं शोधलं. तपेलं उघडं होतं. म्हणजे कल्हई झालीच नाई! त्या मियानं चकाकी मारली अन् मजुरी घेतली. खोटी कल्हई करून माणूस मारला. पाटील, आता हवालदाराले काई सांगाचं राह्यलं नाई.”

“हाव, बरोबर आहे!” गर्दीतून आवाज आले. कोणी कोठीच्या दारावर दगड मारला.

अयूबला सोडवायला निघालेल्या माझ्याच खिळ्याने त्याला आणखी पक्के जखडले होते.

४

मी घरी जाऊन डोके धरून बसलो नाही. मला राग आला होता, आणि रागात माझे गणित बरे चालते. कल्हई झाली होती की नव्हती, एवढाच प्रश्न होता आणि तपेले समोर होते.

ते देवळामागे उपडे पडले होते. मी ते उलटले आणि उन्हाकडे तोंड करून पाहिले. आत उघडे तांबे, त्यावर गोल गोल ओरखडे. पण काठ बाहेर वळवलेला असतो, त्याच्या खाली आतून एक अरुंद खाच असते. घासणाऱ्याची बोटे तिथे पोचत नाहीत. त्या खाचेत पांढऱ्याशुभ्र कथलाची रेघ तपेलेभर फिरलेली होती. नखाने खरवडली तरी निघेना. कल्हई झाली होती, आणि चांगली झाली होती. ती नंतर कोणीतरी काढली होती.

तपेले बाहेरूनही लखलखत होते, काजळीचा ठिपका नाही. अयूबने तर ते काळेच ठेवले होते.

लटारू आचारी देवळाच्या पडवीत झोपला होता. पोट धरूनच उठला.

“लटारूभाऊ, पहाटे सरबत केले तेव्हा तपेले कसे दिसत होते?”

“अहाहा! सोन्यावानी. आतून-बाहेरून सोन्यावानी चमकून राह्यलं होतं. येवढं उजळलेलं मी कधी पाह्यलं नाई.”

“लिंबे कोणी पिळली?”

“मीच. टोपलीभर. इथी पडवीत, कंदील लावून. हात बधिर झाले पिळून पिळून.”

“दाखवा हात.”

त्याने दाखवले. खरबरीत, पण स्वच्छ होते. तेव्हा मी ते फक्त लक्षात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रामाजीबुवांच्या घरी गेलो. बुवा देवळात गेले होते. सुनेने, धुरपताने, ओसरीवर पाण्याचा तांब्या आणून ठेवला. पदर दोन्ही हातांभोवती गुंडाळलेला होता. तांब्या ठेवताना तो सरकला.

मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी-लाल पट्टे होते, पाण्याचे ओघळ वाळावेत तसे. बोटांवर फोड आले होते.

“हे कधी झालं, बाई?”

“देवीचा कोप आहे म्हणतेत बाया,” ती खाली मान घालून म्हणाली. “मी काई केलं नाई.”

माझी मामी एका वर्षी अंगणात उन्हात बसून लोणच्याची लिंबे चिरत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या हातांवर हेच ओघळ उमटले होते. लिंबाचा रस अंगावर असताना कडक ऊन लागले तर कातडी भाजते, आणि तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. रस हवा आणि ऊनही हवे. टोपलीभर लिंबे पिळूनही लटारूचे हात स्वच्छ होते, कारण त्याने ती पहाटे पडवीत पिळली होती.

“तुमच्याकडे लिंबाचे लोणचे आहे का?” मी विचारले. “थोडे मिळाले तर बरे होईल.”

“नाई जी. औंदा टाकलंच नाई.” बोलून झाल्यावर तिने जीभ चावली आणि आत पळाली.

निघताना मी गोठ्यामागच्या उकिरड्यावरून गेलो. पिळून चोथा झालेल्या सालींचा ढीग होता. प्रत्येक साल विटकरीच्या भुग्याने माखलेली, आणि भुग्यात कथलाची राखाडी चकाकी. मी मूठभर साली रुमालात बांधल्या.

वळलो तर मागे रामाजीबुवा उभे होते. त्यांची नजर रुमालावर होती.

“साहेब,” ते म्हणाले, “तुमी दोन महिन्यांत फवारा घेऊन दुसरीकडे जाल. आमाले इथीच राहाचं आहे. एका मियासाठी गावात कालवा कराचा?”

५

हवालदार आले तेव्हा चावडीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. मी तपेले मधोमध ठेवायला लावले आणि अयूबला कोठीतून बाहेर आणायला सांगितले. त्याच्यावरचा आरोप त्याच्या तोंडावर व्हावा, एवढा तरी त्याचा हक्क होता.

“पाटील, अष्टमीला अयूबने काम संपवले तेव्हा तुम्ही तपेल्यात वाकून पाहिलेत. काय दिसले?”

“माहं तोंड दिसलं. आरशासारखं पांढरं होतं.”

“मिशीसुद्धा पांढरी दिसली म्हणे.”

लोक हसले. पाटीलही ओशाळे हसले. “हाव, दिसली.”

“लटारूभाऊ, दुसऱ्या दिवशी पहाटे?”

“सोन्यावानी.”

“कथील सोन्यासारखे कधी दिसते का? अष्टमीच्या दुपारी हे आतून चांदीसारखे होते, पहाटे सोन्यासारखे झाले. मधल्या वेळात ते कोणाच्या घरी होते?”

सगळी डोकी रामाजीबुवांकडे वळली. बुवांच्या आवाजात कंप नव्हता. “कंदिलाच्या उजेडात चांदीबी पिवळीच दिसते. लटारूच्या डोळ्यावर माणूस फासावर देता का?”

“नाही देणार,” मी म्हणालो. “तुम्ही लोक द्यायला निघाला होतात, मी नाही.”

मी हवालदारांचे बोट धरून काठाखालच्या खाचेत फिरवले. त्यांनी नखाने खरवडून पाहिले, मग चाकूने. “कल्हई आहे की,” ते म्हणाले. “पक्की आहे.”

मग मी रुमाल सोडला. विटकरीचा भुगा लागलेल्या साली तपेल्याच्या काठावर ओतल्या.

“या बुवांच्या उकिरड्यावरच्या. भागीरथाबाईंकडून लोणच्यासाठी म्हणून टोपली नेली, पण लोणचे टाकलेच नाही. ती लिंबे विटकरीच्या भुग्यासकट या तपेल्याला घासली. आतून आणि बाहेरून, कल्हई पुरती निघेपर्यंत. कोणी साधे भांडे उजळायला एवढे घासत नाही. अयूबने या तपेल्यातले ओंजळभर पाणी पिऊन पाहिले आणि बुवांनी ते पाहिले. बाटलेले तपेले शुद्ध करायचे होते!”

“सुनेनं आपल्या मनानं घासलं असंन,” बुवा पटकन म्हणाले. “बायामाणसायले काय समजते? मले माईत नाई.”

बायकांच्या घोळक्यात कुजबुज झाली. कोणीतरी म्हणाले, “म्हणूनच तिच्या हाताले कोप झाला. पाहा, पाहा हात!” धुरपताच्या भोवती जागा मोकळी होऊ लागली. दोन दिवसांपूर्वी अयूबभोवती अशीच झाली असणार.

“कोप नाही!” मी ओरडलो. इतक्या लोकांपुढे मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. “लिंबाचा रस आणि ऊन, एवढेच आहे ते. चैत्राच्या उन्हात अंगणात बसून कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर तिला घासायला लावले. एवढ्या उन्हात कोणी आपल्या मनाने बसत नाही. बाई, कोणी बसवले ते तुम्हीच सांगा.”

धुरपताने हातावरचा पदर काढला. तिचा आवाज सुरुवातीला ऐकूच आला नाही. मग आला.

“मामाजीनं बसवलं. मी म्हणलं, पांढरं निघून राह्यलं, थांबू का? म्हणाले, निघू दे. हात दुखला तरी थांबू नोको. मियाच्या तोंडचं निघालं पायजे.”

मी रामाजीबुवांकडे वळलो.

“बुवा,” मी म्हणालो, “हे नवमीला तुम्हाला ठाऊक नव्हते, मानतो. तुम्हीही ते प्यालात. तांबे कथलाखाली का झाकतात याचा तुम्ही कधी विचारच केला नव्हता. पण काल खिळा लाल झाला आणि तुम्ही तो हातात धरून उभे राहिलात. त्या वेळी तुम्हाला कळले. कळल्यावर तुम्ही काय बोललात? खोटी कल्हई!”

रामाजीबुवांनी हात जोडले. अयूबला नाही, गावाला. “चूक झाली, मायबाप.”

“जाऊ द्या आता,” पाटील पुटपुटले. “बुवा देवमाणूस आहे. होते चूक.”

जाऊ द्या! अयूबच्या वेळी हे दोन शब्द गावात कोणाला सापडले नव्हते. मी काही बोलणार तोच वारलूचा मुलगा उठला. पाटलांसमोर येऊन म्हणाला, “माहा बाप गेला. जाऊ द्या म्हणाले तुमाले काय जाते?” मग तो अयूबपुढे गेला. फाटलेला भाता उचलून त्याने खुर्शीदच्या पुढ्यात ठेवला आणि तसाच खाली बसला. खुर्शीदने भाता ओढून घेतला. त्याच्याकडे पाहिले नाही.

हवालदारांनी बुवांना गाडीत बसायला सांगितले. बैल जुंपले जात होते तेव्हा पाटील अयूबजवळ आले.

“तपेल्याले पुन्हा कल्हई करशीन का रे? गावाचं आहे.”

“भाता कुठी आहे, पाटील? फुंकणीनं करू?” अयूब म्हणाला. तो लंगडत तपेल्याजवळ गेला, घागरीने त्यात पाणी ओतले, ओंजळ भरली आणि सगळ्यांच्या देखत प्याला. “पाणी चालते ह्याच्यात. निसतं पाणी. आंबट टाकू नोका.”

“चला,” खुर्शीद म्हणाली. “सांगून झालं.”

गाडीत बसलेल्या रामाजीबुवांनी ते पाहिले होते. त्यांनी तोंड फिरवले, आणि सवयीने बोलावे तसे हळूच म्हणाले, “सूनबाई, लिंबं आण.”

मी अगदी जवळ होतो, मला स्पष्ट ऐकू आले. धुरपतानेही ऐकले.

ती तपेल्याकडे गेली. वाकली, फोड आलेले दोन्ही हात पाण्यात घातले आणि अयूबने घेतली होती तेवढीच ओंजळ भरून प्याली. उरलेले पाणी तिच्या कोपरांवरून, त्याच तपकिरी पट्ट्यांवरून, खाली ओघळत राहिले.